ताणा, बाणा आणि छत: कापडाच्या ताणाचा इतिहास

१/७
नेरुळचे डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम ठाणे जिल्ह्यात ४ मार्च २००८ रोजी खुले झाले. त्याचे छत कापडी आहे. कोकणपट्टीचा पाऊस आणि वारा झेलताना असे कापड किती ताणले जाईल, हे आधी सांगता येते का? या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

२/७
उत्तराची सुरुवात भिवंडीच्या यंत्रमागावर दिसते. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. दोन्ही एकमेकांच्या वरखालून नागमोडी जातात. ताणा ओढला की तो सरळ होतो आणि बाण्याचा बाक वाढतो. एकीकडे कापड लांबते, दुसरीकडे आखडते.

३/७
पोलादाचा ताठरपणा ठरलेला असतो. कापडाचा ताठरपणा मात्र दुसऱ्या दिशेला किती ओढ आहे, यावर बदलतो. शिवाय पहिल्या ओढीनंतर ते पूर्णपणे मूळ लांबीवर परतत नाही.

४/७
हा प्रश्न प्रथम हवाई जहाजांनी ऐरणीवर आणला. रबराचा लेप दिलेल्या कापडी फुग्यांचा आकार दाबाखाली बिघडत असे. जर्मनीच्या रुडॉल्फ हास आणि अलेक्झांडर डिटझियस यांनी त्याचा अभ्यास केला. पुढे १९३७ मध्ये मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधील एफ. टी. पिअर्स यांनी विणीची भूमिती गणितात मांडली. भिवंडीला उपमा दिली जाते ती याच मँचेस्टरची!

५/७
मग कापड इमारतीवर चढले. १९८१ मध्ये जेद्दाहच्या हज टर्मिनलवर टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचे २१० तंबू उभे राहिले. त्यामागील अभियंते फझलूर रहमान खान मूळचे आजच्या बांगलादेशातील.

६/७
संगणकाला मात्र सुटसुटीत आकडे हवे असतात: ताण्याचा ताठरपणा, बाण्याचा ताठरपणा, आखडण्याचे गुणोत्तर आणि तिरप्या ओढीचा प्रतिकार. १९९५ च्या जपानी मानकानुसार अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा दोन्ही दिशांनी वेगवेगळ्या प्रमाणात ओढतात आणि सर्व नोंदींना त्यातल्या त्यात जुळणारे आकडे काढतात. म्हणजेच ते आकडे तडजोडीचे असतात.

७/७
तडजोड चुकली तर काय होते, हे डोंबिवलीत पावसाळ्यात बांधलेली ताडपत्री दाखवते. ढिल्या जागी पाणी साचते, वजनाने झोळ वाढतो, झोळात आणखी पाणी येते. म्हणूनच छताचे पट्टे मुद्दाम थोडे आखूड कापून ताणून बसवतात. किती आखूड, हे ठरवताना गणिताला आजही प्रत्यक्ष कापड ओढून पाहावे लागते.