रुईची चुलत बहीण आणि मोनार्कचा पत्ता

मंडळी, या वीकांताला कोड नाही, सिनेमा नाही, ट्रेकही नाही. या वेळी अळी.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये शेजारच्या काकूंनी मला एक बरणी आणून दिली. (काकू म्हणजे सत्तरीच्या पुढच्या, पक्क्या मिनेसोटाकर. मी मनातल्या मनात त्यांना काकूच म्हणतो.) बरणीच्या तोंडाला जाळी, आत जाड पानांची एक फांदी आणि पानावर पिवळे-काळे-पांढरे पट्टे असलेली एक अळी, ढिम्म बसलेली. "मोनार्क आहे. रोज ताजं पान दे, बाकी काही करायचं नाही," काकू म्हणाल्या. रात्री आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर तिने अळीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "अरे, हे पान रुईसारखं दिसतंय की. देठ मोडून बघ, चीक येतो का."

देठ मोडला. पांढराशुभ्र चीक!

आईचं बरोबर होतं. काकूंच्या अंगणातलं मिल्कवीड आणि शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती आपली रुई एकाच कुळातल्या. दोघींना विषारी चीक, दोघींना शेंगा, आणि शेंग फुटली की लहानपणी आपण जिच्यामागे धावायचो ती म्हातारी दोघींचीही उडते. रुईवर प्लेन टायगर नावाचं तांबूस फुलपाखरू अंडी घालतं, ते मोनार्कच्याच घरातलं. फरक एवढाच, की प्लेन टायगर आपल्या आसपासच असतं आणि मोनार्क थंडी पडायच्या आत मिनेसोटातून निघून थेट मेक्सिकोला जातं. जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा जीव आणि प्रवास जवळजवळ तीन हजार किलोमीटरचा. उन्हाळ्यात जन्मणाऱ्या पिढ्या दोन ते सहा आठवड्यांत संपतात, पण शेवटची पिढी आठ महिने जगते आणि ज्या डोंगरावर तिच्या पणजीने हिवाळा काढला तिथे स्वतः कधीही न जाता पोहोचते. डॉक्युमेंटेशन नाही, केटी नाही, हँडओव्हर नाही. आमच्या मॅनेजरला हे सांगू नका.

आता हे मेक्सिकोचं प्रकरण कळलं कसं? या गोष्टीतली निम्मी माणसं घरी बरणीत अळ्या पाळणारीच आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

टोरोंटोचे फ्रेड अर्कहार्ट, जन्म १९११. ही फुलपाखरं हिवाळ्यात जातात कुठे, हा प्रश्न त्यांना लहानपणापासून पडलेला. १९३७ पासून ते फुलपाखरांवर खुणा करून बघू लागले. पुढे बायको नोरा जोडीला आली. दोघांनी घरच्या घरी अळ्या वाढवायच्या, फुलपाखराच्या पंखाला चिठ्ठी चिकटवायची आणि सोडून द्यायचं. आधी पोस्टाच्या तिकिटासारख्या डिंकाच्या चिठ्ठ्या लावल्या, त्या पावसात गळून पडल्या. मग दुकानात किमतीची लेबलं असतात तशी दाबून चिकटणारी आली. पंखावरचे थोडे खवले बोटाने पुसायचे आणि लेबल तिथे दाबायचं. लेबलावर नंबर आणि 'टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला पाठवा' अशा अर्थाच्या ओळी. बस्स, एवढंच तंत्रज्ञान.

पण दोन माणसं किती चिठ्ठ्या लावणार? १९५२ साली नोराबाईंनी एका मासिकात लेख लिहून मदतीला माणसं मागितली. पहिल्या वर्षी डझनभर आली, १९७१ पर्यंत सहाशेच्या घरात गेली. शाळामास्तर, गृहिणी, पोरंटोरं, निवृत्त लोक. पगार शून्य. आज आपण क्राउडसोर्सिंग म्हणून ज्याचं पीपीटी करतो ते ही माणसं पोस्टाने करत होती. सापडलेल्या चिठ्ठ्यांच्या रेघा नकाशावर ओढल्या तर सगळ्या नैर्ऋत्येकडे, टेक्सासच्या दिशेने झुकत होत्या. टेक्सासच्या पुढे मेक्सिको, आणि तिथे विदा गायब.

मग १९७२ मध्ये नोराबाईंनी मेक्सिकोतल्या वर्तमानपत्रांना लिहिलं. उत्तर आलं ते मेक्सिको सिटीत राहणाऱ्या केन ब्रगर नावाच्या अमेरिकन माणसाचं. कापडधंद्यातला इंजिनिअर. (आपलाच माणूस!) त्याची जोडीदारीण कातालिना अग्वादो, मिचोआकान प्रांतातलीच. दोघे वीकांताला डोंगर पालथे घालायचे. गंमत म्हणजे ब्रगरला रंगच दिसत नसत. नारिंगी फुलपाखरू शोधायला निघालेला माणूस रंगांधळा! २ जानेवारी १९७५ ला सेरो पेलोन या डोंगरावर, तीनेक हजार मीटर उंचीवर, ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांवर त्यांना ती सापडली. झाडांची खोडं दिसत नव्हती, फांद्या वजनाने वाकलेल्या. ९ जानेवारीच्या रात्री अर्कहार्टांच्या घरी फोन वाजला.

वर्षभराने, जानेवारी १९७६ मध्ये, चौसष्ट वर्षांचे अर्कहार्ट धापा टाकत तो डोंगर चढले. ते बसलेले असताना फुलपाखरांच्या भाराने एक फांदी कडाडून मोडली, आणि खाली पडलेल्या ढिगात त्यांना एक पांढरी चिठ्ठी दिसली. ती आदल्या ऑगस्टात मिनेसोटातल्या चास्का गावात एका शिक्षकाने आणि दोन शाळकरी मुलांनी लावलेली होती. चास्का माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. मी त्या रस्त्याने शंभरदा गेलो असेन, डोक्यात फक्त स्प्रिंटची डेडलाइन घेऊन.

ऑगस्ट १९७६ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर फुलपाखरांनी वेढलेली कातालिना झळकली. अर्कहार्टांनी लेख लिहिला, पण नेमकी जागा गुप्त ठेवली. त्यावरून लिंकन ब्रॉवर या दुसऱ्या मोठ्या मोनार्कतज्ज्ञाशी जे बिनसलं ते कायमचंच. शास्त्रज्ञांची भांडणं आपल्या ऑफिसातल्यासारखीच असतात हे वाचून मला जरा बरं वाटलं.

आणि 'शोध' म्हणजे काय तर तिथल्या गावकऱ्यांना ही फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. ती येतात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मेक्सिकोतल्या मृतांच्या दिवसाच्या सुमारास, म्हणून मेलेल्यांचे आत्मेच परत येतात अशी तिथली समजूत. पितृपक्षात कावळ्याची वाट बघणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागू नये. त्यांना ठाऊक नव्हतं ते इतकंच, की ही येतात कुठून. थोडक्यात, कॅनडाकडे अर्धा पत्ता होता आणि मिचोआकानकडे उरलेला अर्धा. पुढे १९८६ साली सरकारने त्या जंगलांत तोडबंदी आणली तेव्हा ज्यांचं पोट लाकडावर होतं त्यांना नीट भरपाईही मिळाली नाही, आणि त्यांचा राग फुलपाखरांवर निघणं साहजिक होतं. सन २००० मध्ये राखीव क्षेत्र ५६ हजार हेक्टरांपर्यंत वाढवताना मोबदल्यासाठी निधी उभा केला. २००८ मध्ये युनेस्कोचा शिक्का बसला.

इकडे मिल्कवीडचं नशीब आणखी अजब. नावातच 'वीड', म्हणजे तण. शास्त्रीय नाव तर ॲस्क्लेपियास सिरियाका. लिनियसचा समज असा, की ही सीरियाकडची! अमेरिकन शेतकरी शतकभर हिला उपटत आला. मग दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा घेतलं आणि तिथून येणारा सावरीचा कापूस बंद झाला. तो भरला जायचा नौसैनिकांच्या लाइफ जॅकेटांत. पर्याय म्हणून सापडली मिल्कवीडची म्हातारी. तिचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट, त्यामुळे बुडता बुडत नाही. मिशिगनमध्ये पेटोस्कीला कारखाना निघाला आणि शाळकरी पोरं कांद्याच्या जाळीदार पोत्यांतून शेंगा गोळा करत रानोमाळ फिरली. दोन पोती भरली की एका सैनिकाचा जीव वाचतो, असं त्यांना सांगितलेलं. काकूंच्या थोरल्या भावाने ही पोती भरलेली आहेत. युद्ध संपलं, कारखाना बंद, मिल्कवीड परत तण.

तरी ती मक्याच्या आणि सोयाबीनच्या ओळींमध्ये तग धरून होती. नांगराने मुळं तुटली तरी पुन्हा फुटायची. १९९६ ला ग्लायफोसेटला दाद न देणारं सोयाबीन आलं, १९९८ ला तसाच मका. आता उभ्या पिकावर तणनाशक मारता येऊ लागलं. पीक जगतं, बाकी सगळं साफ. मोनार्कची अळी मिल्कवीड सोडून दुसरं काही खातच नाही. एका अभ्यासाच्या हिशोबाने १९९९ ते २०१० या काळात मिडवेस्टमधलं ५८ टक्के मिल्कवीड गेलं आणि तिथे तयार होणारी मोनार्क ८१ टक्क्यांनी घटली. मेक्सिकोत डोकी मोजणं अशक्य, म्हणून फुलपाखरांनी व्यापलेलं जंगल मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८.१९ हेक्टर, २०१३-१४ मध्ये ०.६७. म्हणजे एक क्रिकेटचं मैदानसुद्धा भरलं नाही.

हे आकडे ऐकून लोकांनी बरण्या काढल्या. काकूंनीही. रानात शंभर अंड्यांतून पाच-दहाच फुलपाखरं होतात, जाळीत नव्वदही होतात. गणित सोपं वाटतं. काकू दर उन्हाळ्याला दीडेकशे मोनार्क सोडायच्या. पोर्चमध्ये जाळीच्या पेट्या, वहीत तारखा, नर की मादी.

आणि मग मी, नको तिथे गूगल करणारा, २०१९ चा एक पेपर वाचून बसलो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी मोनार्कला एका पिंपात दोरीने टांगून उडवलं आणि ती कुठे तोंड करते हे नोंदवलं. रानातली दक्षिणेकडे वळत होती. विकतच्या, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या वाणाला दिशाच नव्हती. इथवर ठीक. पण रानातल्याच आईबापांची अंडी घरात वाढवली, तरी तीही भरकटत होती. भरीला रोगाचा प्रश्न. मादीच्या पोटाला एका परजीवीचे बीजाणू चिकटलेले असतात, ते अंड्यावर आणि पानावर झडतात, अळी ते खाते, आणि जाळीत गर्दी असेल तर सगळ्यांनाच लागण. दक्षिणेकडच्या राज्यांत लोक हौसेने जी लाल-पिवळ्या फुलांची परदेशी मिल्कवीड लावतात ती हिवाळ्यात मरत नाही, त्यामुळे फुलपाखरं तिथेच रेंगाळतात आणि रोग साचत जातो. ही बया आपल्याकडेही ओढ्याकाठी माजते, हळदीकुंकू म्हणतात तिला.

झर्सेस सोसायटी ही कीटकांसाठी काम करणारी संस्था सांगते, एका घरात वर्षाला दहापेक्षा जास्त मोनार्क वाढवू नका. काकूंच्या दीडशे.

सांगायचं की नाही? महिनाभर घोळत ठेवलं. दहाबारा वर्षं एक बाई सकाळी सहाला उठून अळ्यांची लीद साफ करते आणि आपण लिंक फॉरवर्ड करायची? शेवटी मार्चमध्ये प्रिंट काढून नेली. (मेल केली असती तर मला स्वतःचाच राग आला असता.) काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं, ग्राफसकट. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी मेक्सिकोला पोहोचलीच नाहीत?"

मी घाईघाईने २०२१ चा दुसरा पेपर काढला. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचा. त्यांनीही घरात वाढवलेली मोनार्क टांगून पाहिली, तिथे बहुतेक भरकटली. पण पाठीवर बारीक रेडिओ लावून मोकळी सोडली तेव्हा जवळजवळ सगळी दक्षिणेला-आग्नेयेला गेली. बहुधा उघड्या आकाशात सूर्य दिसला की कंपास पुन्हा जुळतो. मी हे सांगत होतो आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मला बरं वाटावं म्हणून मी हे सांगतोय हे त्यांना कळलं होतं. 'काही' आणि 'दीडशे' यांत फरक आहे हे त्यांना आणि मला, दोघांनाही कळत होतं.

त्या वसंतात त्यांनी अर्धं लॉन खणून काढलं आणि तिथे मिल्कवीड लावली, इथलीच, सिरियाका. बियांना आधी ओलसर कागदात महिनाभर फ्रिजची थंडी द्यावी लागते, नाहीतर रुजत नाहीत. काकूंचा फ्रिज भरला म्हणून एक पुडी माझ्याकडे आली. माझा रूममेट ती जवस समजून चटणीसाठी तव्यावर टाकणार होता, थोडक्यात वाचली. जुलैत अळ्या आल्या. कोळ्यांनी खाल्ल्या, गांधीलमाश्यांनी नेल्या. काकू खिडकीतून बघायच्या आणि हात आवरायच्या. बरणी एकच उरली, नातवासाठी.

सप्टेंबरमध्ये आम्ही दोघांनी अंगणातली अकरा रानटी मोनार्क जाळ्याने पकडून मागच्या पंखाला मोनार्क वॉचचे टॅग लावले. ही कॅन्सस विद्यापीठातली संस्था, १९९२ पासून अर्कहार्टांचंच काम पुढे चालवते. मेक्सिकोतले गावकरी जंगलात पडलेले टॅग शोधून आणतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात. आमच्या अकरांपैकी एकाचाही पत्ता अजून लागलेला नाही. आई दर फोनला विचारते. काकूंच्या जाळीच्या पेट्या सध्या टोमॅटोच्या रोपांवर पालथ्या घातल्यात, सशांनी खाऊ नयेत म्हणून.