ताप आल्यावर रक्त-लघवीची तपासणी: कोणती चाचणी कधी करावी, नमुना कसा द्यावा?

पावसाळ्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात. अनेक जण लॅबमध्ये स्वतःहून ‘फीवर पॅनल’ करून येतात आणि विचारतात, "डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आहे, मग ताप का उतरत नाही?" अशा वेळी मी आधी तीन गोष्टी विचारतो. ताप कधी सुरू झाला? रक्त कोणत्या दिवशी दिले? त्याआधी कोणती औषधे घेतली? ही उत्तरे कळल्याशिवाय रिपोर्टचा अर्थ नीट लावता येत नाही. म्हणून ताप आला तो दिवस पहिला धरा आणि तारीख लिहून ठेवा.

सीबीसीमध्ये काय पाहतात?

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी. प्रौढांमध्ये पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० आणि प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख असतात. पांढऱ्या पेशी वाढल्या तर बॅक्टेरियाचा संसर्ग असू शकतो. डेंग्यूसारख्या विषाणूजन्य तापात त्या बऱ्याचदा कमी होतात. मात्र केवळ सीबीसीवरून तापाचे नेमके कारण ठरत नाही.

कोणत्या आजाराची चाचणी कधी?

- डेंग्यू: एनएस१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी असते. त्यानंतर आयजीएम अँटिबॉडी तपासतात. सातव्या दिवशी केलेली एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असे समजू नका.
- मलेरिया: काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधतात. परजीवी कमी असतील तर पहिल्या वेळी सापडत नाहीत. शंका कायम असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा रक्त तपासावे लागते. ही तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत होते.
- टायफॉइड: पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर सर्वांत उपयोगी. विडाल चाचणी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा निगेटिव्ह येते. उलट, पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा लसीमुळे ती आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. केवळ विडालवरून टायफॉइडचा कोर्स सुरू करू नका.
- लेप्टोस्पायरोसिस: २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात या आजाराची साथ आली होती. याच्या अँटिबॉडी साधारण पाच ते सात दिवसांनी दिसतात. म्हणून साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही माहिती रिपोर्टमध्ये नसते. अनेकदा रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करावे लागते.

प्लेटलेट्स कमी झाल्या तर?

या आकड्याने घरचे सर्वांत जास्त घाबरतात. डेंग्यूमध्ये ताप उतरण्याच्या सुमारास प्लेटलेट्स कमी होतात आणि नंतर आपोआप वाढतात. रक्तस्राव नसेल तर ५०,००० चा आकडा पाहून प्लेटलेट्स चढवण्याची गरज नसते. खरा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा असतो. तेव्हा रक्त घट्ट होते आणि सीबीसीमधला ‘पीसीव्ही’ चढत जातो. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस म्हणूनच महत्त्वाचे असतात. "ताप गेला, आता बरे वाटेल" असे म्हणून याच दिवसांत रुग्णाकडे दुर्लक्ष होते.

लघवीचा नमुना कसा द्यावा?

१. लॅबमधून निर्जंतुक डबी घ्या. घरातली बाटली, कितीही धुतली तरी, चालत नाही.
२. हात आणि लघवीची जागा पाण्याने स्वच्छ करा.
३. सुरुवातीची थोडी लघवी जाऊ द्या आणि मधली धार डबीत घ्या. डबीच्या आतल्या भागाला बोट लावू नका.
४. नमुना एक-दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा. ते जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि रिपोर्ट चुकतो.

मासिक पाळी चालू असेल तर लॅबला सांगा. नाहीतर लघवीत रक्त जात असल्याचा गैरसमज होतो. कल्चरमध्ये तीन-चार प्रकारचे जंतू आले तर बहुतेक वेळा नमुना घेताना बाहेरचे जंतू मिसळलेले असतात. अशा वेळी औषध घेण्याआधी नमुना पुन्हा द्यावा.

कल्चर: अँटिबायोटिकच्या आधी

कल्चरमध्ये नमुन्यातले जंतू वाढवतात आणि त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहतात. अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेले असतील तर जंतू वाढत नाहीत आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो, पण आजार तसाच असतो. म्हणून मेडिकलमधून स्वतः अँटिबायोटिक आणून घेऊ नका. घेतले असेल तर लपवू नका, गोळ्यांचे पाकीट दाखवा. लघवीच्या कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तर ब्लड कल्चर निगेटिव्ह ठरवण्यासाठी साधारण पाच दिवस थांबतात. रुग्ण गंभीर असेल तर नमुना घेऊन औषध लगेच सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरजेप्रमाणे बदलतात.

रिपोर्टमधला ठळक आकडा

‘नॉर्मल रेंज’ साधारण ९५ टक्के निरोगी लोकांच्या आकड्यांवरून ठरवतात. म्हणजे निरोगी माणसाचाही वीसपैकी एखादा आकडा रेंजबाहेर जाऊ शकतो. मोठे पॅकेज केले की असा एखादा ठळक आकडा दिसणारच. त्यावरून घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्टची वाट पाहू नका

पुढीलपैकी काहीही दिसले तर रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्या:

- पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या
- नाक, हिरड्या, शौच किंवा लघवीतून रक्त
- धाप लागणे, हातपाय गार पडणे
- गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके
- लघवी खूप कमी होणे, डोळे पिवळे दिसणे

तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्या. डेंग्यूची शक्यता असेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका. दवाखान्यात येताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्या आणि ताप सुरू झाल्याची तारीख सोबत आणा. एवढी माहिती हाती असली की अनेकदा निम्म्या चाचण्या कराव्याच लागत नाहीत.