खाऱ्या पाण्याचे दोन काठ

आमच्या लोणारच्या खाऱ्या सरोवरातील, काच व साबण यांच्या उपयोगी पडणाऱ्या द्रव्यांची नोंद अबुल फझलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त आढळते, आणि त्या क्षाराने सरकारास महसूल व काठच्या कष्टकऱ्यांस मजुरी दिली, म्हणूनच, समुद्राच्या खाऱ्या पाण्याकाठी असूनही काठच्या लोकांस उलट अनुभव देणाऱ्या तारापूरच्या अणुवीज केंद्राचा इतिहास वाचताना मन अस्वस्थ होते. तेथे १९६९ साली समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या अणुभट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी पोफरण व अक्करपट्टी ही, मासेमारी आणि शेतीवर जगणारी गावे उठवण्यात आली. राष्ट्रास विजेची निकड होती, हे निर्विवाद. परंतु ज्यांची घरे, शेते आणि किनारा तिच्यापायी गेला, त्यांचा त्या प्रकाशावर पहिला हक्क होता.