बोटीवरचा पंक्तिप्रपंच

मोठ्या क्रूझ बोटीवर जेवायच्या जागांची आज चंगळ असते. मुख्य डायनिंग हॉल आणि वरच्या डेकवरचा बुफे तिकिटात आलेले असतात. स्टेकहाऊस, सुशी, इटालियन, एखाद्या नावाजलेल्या शेफच्या नावावर चालणारं रेस्टॉरंट, या जागांना मात्र वरचे पैसे मोजावे लागतात. पहिल्यांदाच बोटीवर गेलेला माणूस हे दर बघतो आणि त्याच्या मनात येतं, की तिकिटाचे एवढे भरल्यावर हे आणखी कशाचे? हा वेगळा भाव कंपन्यांनी अलीकडे शोधून काढला असा बहुतेकांचा समज असतो. त्याचं मूळ १९०५ सालचं आहे, हॅम्बुर्गच्या एका बोटीवरचं. पण मुळात बोटीने माणसाला जेवायला घालायचं, हेच कधी ठरलं, तिथून सुरुवात करायला हवी.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातून अमेरिकेला निघालेला गरीब माणूस आपला शिधा आपणच बांधून बोटीवर चढत असे. डेकवरच्या सामाईक चुलीपुढे पाळी लावायची, मिळेल तेवढ्या वेळात शिजवायचं. समुद्र खवळला की चूल विझवत, आणि मग त्या दिवशी कोरडं बिस्किट. ब्रिटिश पार्लमेंटने १८४२ च्या कायद्याने जहाजमालकावर जबाबदारी टाकली: माणशी रोज तीन क्वार्ट, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर पाणी आणि आठवड्याला सात पौंड पीठ, तांदूळ, बिस्किट असलं काहीतरी. म्हणजे सव्वातीन किलोही नाही, तेही कोरडं, शिजवायचं पुन्हा ज्याचं त्याने. बोटीवरच्या जेवणाची कुळी लावायची तर मूळपुरुष हाच, झुंबराखालची मेजवानी नव्हे.

वरच्या वर्गाला शिजवलेलं अन्न मिळे, पण त्याचं वैभवही बेताचंच. क्यूनार्ड कंपनीची 'ब्रिटानिया' १८४० साली लिव्हरपूलहून निघाली तेव्हा ताज्या दुधासाठी बोटीवर गाय होती. ताजं मांस हवं तर जिवंत कोंबड्या-मेंढ्या सोबत न्यायच्या. १८४२ च्या जानेवारीत याच बोटीने चार्ल्स डिकन्स अमेरिकेला गेला आणि तिच्या लांबट, कोंदट जेवणघराबद्दल त्याने जे लिहिलं त्यात कौतुकाचा लवलेश नाही. लांब टेबलं, बाकं, आणि प्रवासाचे दिवस सरत जातील तसं बिघडत जाणारं ताट.

हे बदललं ते दोन गोष्टींनी. व्हाइट स्टार कंपनीची 'ओशॅनिक' १८७१ मध्ये पहिल्या सफरीला निघाली. तिचं जेवणघर बोटीच्या मध्यावर होतं. लाटेवर बोटीची दोन्ही टोकं वरखाली होतात, मध्याला हेलकावा सर्वात कमी बसतो. पानात वाढलेलं पानातच राहायचं असेल तर जागा हीच. तिथे पहिल्या वर्गाची सगळी मंडळी एकाच वेळी बसू शकत आणि बाकांऐवजी प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची होती. समुद्र फारच उसळला तर टेबलाच्या कडांना लाकडी पट्ट्यांची चौकट लावत आणि टेबलक्लॉथवर पाणी शिंपडत. ओल्या कापडावर बशी घसरत नाही. ही युक्ती आजही उपयोगी पडते. दुसरी गोष्ट बर्फाची. 'स्ट्रॅथलेव्हन' बोट १८८० मध्ये ऑस्ट्रेलियाहून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला सुखरूप पोचली आणि शीतगृहाची खात्री पटली. पुढे प्रवासी बोटींवरही थंड कोठ्या आल्या, आणि दहाव्या दिवशीचं जेवण पहिल्या दिवशीच्या जेवणाची बरोबरी करू लागलं. बोटीवरच्या स्वयंपाकाचा इतिहास लिहिताना शेफची नावं घेतात. माझ्या मते पहिला मान कोठीचा आहे.

आता पंगत बसली. ठरलेली वेळ, ठरलेली खुर्ची, ठरलेला मेन्यू, घंटा झाली की यायचं. ज्याला ते चालत नाही त्याची मात्र पंचाईत होती. १८८८ च्या ४ सप्टेंबरला मुंबईहून 'क्लाइड' बोटीने निघालेल्या मोहनदास गांधींना काट्याचमच्यांनी खाता येत नव्हतं, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर होत नव्हता. त्यांनी बरोबर आणलेल्या मिठाईवर आणि फळांवर केबिनमध्येच दिवस काढले, हे आत्मकथेत त्यांनी स्वतः सांगितलं आहे. वाढणारे लोक तर आपल्याकडचेच असायचे. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर सलूनमध्ये वाढपी आणि स्वयंपाकघरात आचारी म्हणून गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या 'कुडी', म्हणजे सामाईक बिऱ्हाडं, होत्या. दोन बोटींच्या मधले दिवस ही माणसं तिथे काढत. डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, त्यांचे सारंग आणि तांडेल. त्यांचं जेवण 'भंडारी' वेगळ्या चुलीवर रांधत असे. पाहुण्यांच्या टेबलावर जे जाई ते रांधणाऱ्या-वाढणाऱ्यांच्या ताटात नसे. पंक्तिप्रपंच होता तो असा, आणि पाहुण्यांतही तो वर्गावर्गांत होताच. पण एका वर्गाच्या आत मात्र सगळ्यांना एकच पान होतं.

ते मोडलं आल्बर्ट बालिनने. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचा हा कर्ताधर्ता मोठा कल्पक गृहस्थ. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर प्रवासी मिळत नाहीत म्हणून त्याने १८९१ च्या जानेवारीत 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्रात निव्वळ सहलीसाठी धाडली होती. आजच्या क्रूझची सुरुवात अनेक जण त्या सफरीपासून धरतात. याच बालिनला लंडनच्या कार्लटन हॉटेलची भुरळ पडली. सेझार रिट्झचं व्यवस्थापन, ओग्युस्त एस्कोफिएचं स्वयंपाकघर. हेच बोटीवर का नको? १९०५ मध्ये 'अमेरिका' ही बोट निघाली तेव्हा तिच्यावर मुख्य जेवणघराखेरीज एक 'रिट्झ-कार्लटन' रेस्टॉरंट होतं. हवं तेव्हा या, हवं त्याच्याबरोबर बसा, कार्डावरून हवं ते मागवा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. घंटेवर उठणं-बसणं ज्यांना जाचत होतं अशा धनिकांना हे इतकं पसंत पडलं की इतर कंपन्यांना गप्प बसणं शक्य नव्हतं.

व्हाइट स्टारने 'ऑलिंपिक'वर आणि मग 'टायटॅनिक'वर तसंच रेस्टॉरंट उघडलं. ते लुइजी गात्ती या इटालियन गृहस्थाला चालवायला दिलेलं होतं. माणसं त्याचीच, बहुतेक इटालियन आणि फ्रेंच. १९१२ च्या एप्रिलमधल्या त्या रात्री या साठाहून अधिक माणसांपैकी तीनच वाचली. गात्तीही गेला. टायटॅनिकच्या शेवटच्या जेवणाचे मेन्यू आज हौसेने पुन्हा रांधले जातात, तेव्हा या स्वयंपाक्यांचीही आठवण निघावी असं मला मनापासून वाटतं.

या रेस्टॉरंटचा एक नियम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाने सगळा प्रवास तिथेच जेवायचं ठरवून मुख्य जेवणघराविना तिकीट काढलं, तर भाड्यात तीन ते पाच पौंडांची सूट मिळे. जे खाल्लं नाही त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा सरळ व्यवहार होता.

दुसऱ्या वाटेने गेली ती 'फ्रेंच लाइन' ही कंपनी. तिचा अभिमान तिकिटातल्या टेबलावर होता. जेवणाबरोबरची साधी वाइन फुकट असे. १९६२ सालची 'फ्रान्स' ही त्या परंपरेची अखेरची मोठी बोट. पहिल्या वर्गाचं 'शांबोर' नावाचं गोल दालन, तिथे जिन्यावरून उतरत यायचं, आणि आत आँरी ल ह्युएदे याच्या हाताखालचं स्वयंपाकघर. जमिनीवरच्या उत्तमोत्तम फ्रेंच रेस्टॉरंटांशी तिची तुलना होई. पण १९५८ पासून जेट विमानं अटलांटिक काही तासांत ओलांडू लागली होती, पुढे तेलाचे भाव भडकले, आणि १९७४ मध्ये 'फ्रान्स' बंद झाली. नॉर्वेच्या क्नूट क्लोस्टरने ती विकत घेतली आणि १९८० पासून 'नॉर्वे' या नावाने कॅरिबियनमध्ये सहलींना लावली. तिचा शेवट आपल्या शेजारीच झाला: २००६ मध्ये गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर ती तोडायला आली.

क्लोस्टरच्याच कंपनीने १९६६ मध्ये मायामीहून 'सनवर्ड' सोडून नव्या क्रूझधंद्याचा पाया घातला होता. त्या धंद्याने वर्ग काढून टाकले. केबिन लहान-मोठी असेल, पण जेवण सगळ्यांना एकच, दोन पाळ्यांत, अनोळखी माणसांसोबत एका टेबलावर. बोटीवरच्या जेवणाच्या साऱ्या इतिहासात मला हा काळ सर्वात उमदा वाटतो. वेगळी रेस्टॉरंटं परत आली तीही आधी निरुपद्रवी रूपात: १९९० च्या 'क्रिस्टल हार्मनी'वर इटालियन आणि जपानी अशी दोन होती आणि त्यांचा वेगळा आकार नव्हता. २००० मध्ये क्लोस्टरच्या त्याच जुन्या कंपनीने 'फ्रीस्टाइल'ची घोषणा केली. ठरलेली वेळ नाही, ठरलेली खुर्ची नाही. बालिनची कल्पनाच, आता सर्वांसाठी. मोकळीक चांगलीच होती. तिच्या मागोमाग मात्र दरपत्रकं आली आणि एकेक करून बहुतेक कंपन्यांनी ती लावली. तिकिटाचा भाव स्पर्धेमुळे खाली ठेवायचा आणि बोटीवर चढलेल्या माणसाकडून तो भरून काढायचा, हा आजचा हिशेब. गात्तीच्या काळची सूट कुणी परत आणली नाही.

मुख्य हॉलचं जेवण पूर्वीसारखं राहिलं नाही अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण दोष आचाऱ्याच्या हाताचा नसतो. दीड-दोन तासांत हजारो पानं वाढायची म्हणजे अन्न आधी होतं आणि गरम कपाटात थांबतं. आगीच्या भीतीने बोटीच्या स्वयंपाकघरात सहसा उघडी ज्योत नसते, सगळं विजेवर. त्यातून १९७५ पासून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची तपासणी, पूर्वसूचना न देता होणारी: गरम अन्न ५७ अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली, आणि शंभरात ८५ किंवा कमी गुण पडले की नापास. हे नियम हवेतच, हजारो माणसं एका छपराखाली जेवत असताना पोटाची साथ पसरायला वेळ लागत नाही. पण थांबलेला स्टेक कडक होतो, थांबलेला मासा कोरडा. शंभर खुर्च्यांच्या रेस्टॉरंटात तोच तुकडा मागितल्यावर तव्यावर पडतो. वरचे पैसे आपण बव्हंशी या ताजेपणाचे देतो.

म्हणून मुख्य हॉलमध्ये काय मागवायचं हे कळायला हवं, आणि ते लग्नाच्या पंगती जेवलेल्या माणसाला सांगावं लागू नये. आमटी, रस्सा, उसळ, मंद आचेवर शिजलेलं मटण थांबून बिघडत नाही, उलट मुरतं. आज पुष्कळ बोटींच्या रात्रीच्या मेन्यूत एखादी भारतीय भाजी-डाळ असते, ती मागवावी. सूप मागवावं, ताजा भाजलेला पाव घ्यावा. ज्योतीवर टम्म फुगलेला फुलका मात्र मागू नये. विजेच्या तव्यावर कापडाने दाबून होईल तेवढाच तो फुगणार.

२०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून 'कॉर्डेलिया' कंपनीच्या सफरी निघू लागल्या. तिची बोट मुळात १९९० ची 'नॉर्डिक एम्प्रेस', म्हणजे एकाच हॉलात सगळ्यांना जेवू घालणाऱ्या पिढीतली. तिच्यावर शाकाहारी आणि जैन जेवण तिकिटातच मिळतं. 'क्लाइड'वरच्या त्या अठरा वर्षांच्या मुलाला केबिनमध्ये मिठाई खात बसावं लागलं नसतं.