दुसरी चूल

वीज जाणे ही हिंगोली जिल्ह्यात नवी गोष्ट नाही. ‘वीज गेली, आता स्वयंपाक कशावर करायचा?’ हा प्रश्न मात्र नवा आहे. २००५ ते २०१२ या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तास वीज नसे. पिठाची गिरणी थांबे, विहिरीवरची मोटार थांबे, मुलांचा अभ्यास कंदिलावर होई. पण भाकरी थांबत नसे, कारण ती विजेवर भाजली जातच नव्हती. पुढे इंडक्शन शेगडी ओट्यावर आली आणि वीज जाण्याचा संबंध प्रथमच थेट पोटाशी जोडला गेला.

अशा वेळी जोडीला दुसरी शेगडी कोणती ठेवावी, हे ठरवताना आपण बहुधा तिची किंमत पाहतो, फार तर ज्योत पाहतो. आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास निराळीच कसोटी सुचवतो. पहिली चूल ज्या कारणाने बंद पडते, त्याच कारणाने दुसरी बंद पडता कामा नये.

जुन्या मातीच्या चुलीपासूनच पाहू. चुलीच्या शेजारी, तिच्याच जाळावर तापणारी वैल असे. चुलीवर भाकरी आणि वैलावर वरण, अशी ही जोडी. एकाच जाळात दोन भांडी भागवण्याची युक्ती चांगलीच होती. पण वैल म्हणजे दुसरी चूल नव्हे. जाळ विझला की दोन्ही थंड.

आणि जाळ विझण्याचे मुख्य कारण होते पावसाळा. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव या भागात जळण म्हणजे बहुतांशी शेतातलेच. तूर निघाली की तुराट्या, कापूस संपला की पऱ्हाट्या, आणि घरच्या जनावरांच्या शेणाच्या गोवऱ्या. तुराटी पोकळसर व बारीक, ती भर्रकन पेटते आणि लवकर संपते, चहाला उत्तम. पऱ्हाटी त्यापेक्षा टिकते. गोवरी धुमसत राहते, तिच्यावर दूध तापत ठेवावे. इंधनाची ही निवड आजीला कोणी शिकवली नव्हती, पण पदार्थाचा पृष्ठभाग आणि जळण्याचा वेग यांचा संबंध तिला ठाऊक होता. आगोटीआधी हे सारे कोरड्या जागी रचून ठेवावे लागे. ओल्या जळणातली बरीचशी उष्णता आधी त्यातल्याच पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, आणि उरलेल्यात धूरच अधिक.

या धुराकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते आपल्याच परिसरात. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली मातीची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तक लिहिले. त्या वेळी हिंगोली हैदराबाद राज्यातच होती. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये. म्हणजे हे संशोधन परक्या देशातले नव्हते, आपल्याच राजधानीतले होते. पुढे १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. तो २००२ मध्ये थांबला. चुली बांधल्या गेल्या, पण धुराडे साफ कोणी करायचे हे ठरले नाही, हे त्यातले एक दुखणे.

ओल्या जळणावरचा उपाय दुसरीकडून आला होता. दगडी कोळशासारख्या खनिजांपासून दिव्याचे तेल काढण्याची रीत अब्राहम गेस्नर याने १८५० च्या दशकात बसवली, १८५९ मध्ये अमेरिकेत ड्रेकची विहीर लागली, आणि काही दशकांतच ते तेल डब्यांतून हिंदुस्थानात पोचले. आपण त्याला दोन नावे दिली. इंग्रजीत खडकातले तेल म्हणजे ‘रॉक ऑइल’, त्याचे रॉकेल झाले. ‘गॅसलाइट’चे घासलेट झाले. दुसऱ्या नावातच कळते की हे तेल आधी उजेडासाठी आले, शिजवायला नंतर.

वातीच्या स्टोव्हमध्ये तेल केशाकर्षणाने वर चढते आणि वातीच्या टोकाशी जळते. हवा पुरेशी न मिळाल्यास ज्योत पिवळी होते आणि भांड्याला काजळी धरते. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये वातच काढून टाकली. त्याच्या ‘प्रायमस’ स्टोव्हमध्ये टाकीत पंपाने हवा भरायची. हवेच्या दाबाने तेल तापलेल्या बर्नरच्या नळ्यांत चढते, तिथे त्याची वाफ होते, ती बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडताना आसपासची हवा ओढून घेते आणि निळी ज्योत फरफरते. सुरुवातीला मात्र नळ्या बाहेरून तापवाव्या लागतात, त्यासाठी स्पिरिटात भिजवलेला काकडा. काकडा, पिन, चावी, वायसर ही सारी शब्दसंपदा एका पिढीच्या तोंडी होती. हा स्टोव्ह १९११ मध्ये अमुंडसेनच्या तुकडीबरोबर दक्षिण ध्रुवाकडे निघाला आणि १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेतही होता. आपल्याकडे त्याचा उपयोग अधिक घरगुती. पावसात जळण भिजले, अवेळी पाहुणे आले, बाळंतिणीला गरम पाणी हवे, की पंप मारायचा.

दुसरी चूल म्हणून स्टोव्ह आदर्शच म्हणायचा. चूल पावसाने बंद पडते, स्टोव्ह पडत नाही. पण त्याचे स्वतःचे कारण होते, ते म्हणजे रेशनचे दुकान. १९७२-७३ चा दुष्काळ आणि त्यामागोमाग १९७३ चा जागतिक तेलाचा पेच यांत रॉकेल दुर्मीळ झाले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात निघालेल्या लाटणे मोर्चांत धान्य-तेल-साखरेबरोबर रॉकेलचाही प्रश्न होता. खेड्यात आणखी एक अडचण होती, आणि ती कुठल्या तक्त्यात दिसत नाही. वीज गेली की कंदील आणि चिमणीही त्याच डब्यातले तेल पीत. नेमक्या ज्या संध्याकाळी स्टोव्हची गरज, त्याच संध्याकाळी तेल उजेडाला लागे. मुलांचा अभ्यास की भाजीची फोडणी, हा निवाडा घरातल्या बाईला करावा लागे.

स्टोव्हबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही ओळ एके काळी वर्तमानपत्रात इतकी नित्याची झाली होती की वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरे. त्यांतले काही खरेच अपघात होते. नळ्या पुरेशा तापल्या नसतील तर वाफेऐवजी द्रवरूप तेलच उडते आणि हात-दोन हात पिवळा भडका होतो. रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी जमायला ते सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते. पेट्रोलला शून्याखाली चाळीस अंशही पुरतात. म्हणून रॉकेलमध्ये थोडेही पेट्रोल मिसळले गेले तर तो स्टोव्ह बॉम्बसारखा होतो. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात हवाच चाळीसच्या वर जाते, तेव्हा शुद्ध रॉकेलचीही सुरक्षिततेची मर्यादा ओलांडली जाते. पण सगळेच अपघात नव्हते. सासू कधी जळत नाही, सूनच का जळते, हा प्रश्न स्त्री-संघटनांनी विचारला. त्यातून १९८३ मध्ये छळाविरुद्धचे ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब ही कलमे दंडसंहितेत आली. वस्तूवर दोष ढकलणे किती सोपे असते, याचे याहून कडू उदाहरण मला माहीत नाही.

गॅसने हे सारे मागे टाकले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर तो खेड्यांतल्या गरीब घरांतही पोचला. त्याच सुमारास रॉकेलचे अनुदान थोडेथोडे कमी होत २०२० पर्यंत संपले. परिणामी स्टोव्ह माळ्यावर गेला. आज गावात तो असला तरी त्यात घालायला तेल सहज मिळत नाही. निवड करताना हे आधी पाहावे.

आता थोडा हिशोब. वर्गात फळ्यावर जरूर मांडावा. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. तीन दगडांच्या चुलीत जळणातली जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्यात जाते, म्हणून कोरडे लाकूड पावणेदोनशे ग्रॅम लागेल. स्टोव्हला रॉकेल १५ ग्रॅमच्या आसपास, गॅस ११ ग्रॅम, आणि इंडक्शनला एक दशांश युनिट. कार्यक्षमतेत इंडक्शन पहिली. मग ती इन्व्हर्टरवर चालवावी का? घरगुती १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॉट-तास असतात, आणि इंडक्शन पूर्ण जोरात तितकेच वॉट ओढते. म्हणजे हिशोबाने एक तास. प्रत्यक्षात शिसे-आम्लाची बॅटरी एवढा प्रवाह दिल्यावर त्याच्या निम्मेही देत नाही, आणि आठ-नऊशे व्हीएचा इन्व्हर्टर तर तो भार घेतच नाही. शिवाय ही बॅटरी भरते त्याच विजेवर. वीज दोन दिवस गेली की इन्व्हर्टरही गेला. वैलाचीच गोष्ट पुन्हा.

ज्या घरात इंडक्शन मुख्य आहे, तिथे गॅसचा सिलिंडर ही सर्वांत सोयीची दुसरी चूल. गॅस मुख्य असेल तर प्रश्न सिलिंडर वेळेवर न येण्याचा. तिथे इंडक्शन चालेल, पण वादळी पावसात तारा आणि रस्ता एकाच वेळी बंद पडतात. अशा गावाला शेतातले जळण असलेली तिसरी सोय हवी. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवल्या; या कामाला २००२ मध्ये ॲश्डेन पारितोषिक मिळाले. त्यांचा ‘सराई’ कुकर सुमारे शंभर ग्रॅम कोळशावर वाफेने एका कुटुंबाचा वरण-भात शिजवतो. हे तत्त्व जुने आहे. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांचा इकमिक कुकर १९१० च्या सुमारास याच तत्त्वावर निघाला होता. कोळशाला धूर नसतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला रंग नाही आणि वास नाही. पावसात, अंधारात, दार लावून घरात शेगडी ठेवणे म्हणूनच जिवावर बेतते. ती ओसरीवरच हवी.

माळ्यावरचा पंपाचा स्टोव्ह कुणाच्या घरी उरला असेल, तर तो शाळेत आणून मुलांना उलगडून दाखवावा, पेटवू मात्र नये. त्याच्या पंपात चामड्याचा वायसर असतो. वर्ष-दोन वर्षे स्टोव्ह पडून राहिला की तो सुकून आक्रसतो, दांडा सैल खालीवर होतो आणि टाकीत हवा भरतच नाही. गोडेतेलाचे चार थेंब टाकून रात्रभर ठेवले तर चामडे पुन्हा फुगते, आणि दुसऱ्या दिवशी पंप हाताला घट्ट लागतो.