पुलावरची साधना

कीर्ति मिळविणें कठीण खरें. परंतु मिळालेली कीर्ति पन्नास-साठ वर्षें टिकविणें त्याहूनहि कठीण. जॅझ संगीताच्या इतिहासांत ही गोष्ट विशेषच प्रत्ययास येते. सॅक्सोफोनचे दोन थोर वादक घ्या. चार्ली पार्कर १९५५ सालीं वारला तेव्हां अवघा चौतीस वर्षांचा होता. जॉन कोल्ट्रेन १९६७ सालीं गेला तो चाळिसाव्या वर्षीं. त्यांचा समकालीन सनी रॉलिन्स मात्र २०१२ सालापर्यंत लोकांपुढें वाजवीत राहिला. हें कसें साधलें, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

रॉलिन्सचा जन्म ७ सप्टेंबर १९३० रोजीं न्यू यॉर्क येथें झाला. आईबाप मूळचे कॅरिबियन समुद्रांतील व्हर्जिन बेटांवरचे. हार्लेम वस्तींत वाढलेल्या या मुलानें कोलमन हॉकिन्स या वादकास आदर्श मानलें, आणि विशीच्या सुमारास तो नामांकित मंडळींत वाजवूं लागला. पण त्याच वेळीं हेरॉइनचें व्यसन त्याला जडलें व तुरुंगहि पाहावा लागला. १९५५ सालीं केंटकी संस्थानांतील लेक्झिंग्टनच्या सरकारी रुग्णालयांत राहून त्यानें त्या व्यसनाचा पाश तोडला. पुढें क्लिफर्ड ब्राउन या निर्व्यसनी ट्रंपेटवादकाची संगत त्याला लाभली. २२ जून १९५६ रोजीं ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही त्याची विख्यात ध्वनिमुद्रिका तयार झाली, आणि चारच दिवसांनीं पंचवीस वर्षांचा ब्राउन मोटार-अपघातांत मरण पावला. यशाचा आनंद आणि मित्राचा मृत्यु असे एकाच आठवड्यांत भेटीस आले.

तथापि खरी कसोटी पुढेंच होती. १९५९ सालीं, नांव सर्वतोमुखी झालेलें असतांना, रॉलिन्सनें जाहीर वादन एकाएकीं थांबविलें. आपली कीर्ति आपल्या विद्येच्या पुढें धांवत आहे, असें त्याला वाटूं लागलें होतें. घरीं सराव करावा तर शेजाऱ्यांस त्रास. म्हणून तो ईस्ट नदीवरील विल्यम्सबर्ग पुलावर जाऊं लागला. आगगाड्यांची धडधड, मोटारींचा गोंगाट, नदीवरील बोटींचे भोंगे, उन्हाळा असो वा हिवाळा, हा एकटा वाजवीत उभा. कधीं कधीं दिवसाचे पंधरा तास. असा क्रम त्यानें दोन वर्षें चालविला. १९६१ च्या अखेरीस तो परतला, आणि १९६२ सालच्या ध्वनिमुद्रिकेस त्यानें ‘द ब्रिज’, म्हणजे पूल, हेंच नांव दिलें.

माझें आयुष्य शाळेंत गेलें. नापास झाल्यावर पुन्हा पुस्तक उघडणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले. पहिला नंबर आल्यावर “मला हा धडा नीट आलेला नाहीं” म्हणून परत येणारा मात्र एकहि आठवत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर मीहि तसा कधीं परतलों नाहीं.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रॉलिन्स पुन्हा दूर झाला. या वेळीं तो आपल्या मुंबईंत आला आणि पवईच्या एका आश्रमांत कांहीं महिने योग व वेदान्त शिकत राहिला. डोळे मिटून स्थिर बसणें त्याला जमेना. तेव्हां ‘तुझें वादन हेंच तुझें ध्यान’ अशा आशयाचा उपदेश त्यास मिळाला, असें तो पुढें सांगत असे. १९७८ सालीं पहिल्या ‘जॅझ यात्रे’च्या निमित्तानें मुंबईकरांस त्याचें वादन ऐकावयास मिळालें.

केवळ साधनेनें मात्र संसार चालत नाहीं. त्याची पत्नी ल्यूसील हिनें व्यवहाराचा भार उचलला, आणि रॉलिन्सनें रात्रींच्या मद्यगृहांपेक्षां मोठीं सभागृहें पसंत केलीं. त्यामुळें प्रकृति व मान दोन्हीं राखलीं गेलीं. ११ सप्टेंबर २००१ च्या संहारानंतर, त्या मनोऱ्यांजवळचें आपलें घर सोडून तो सॅक्सोफोन घेऊन बाहेर पडला, आणि चौथ्या दिवशीं बॉस्टनमध्यें ठरलेला कार्यक्रम त्यानें पार पाडला. तेव्हां त्याचें वय एकाहत्तर होतें.

पुढें फुप्फुसांच्या विकारानें वाद्य खालीं ठेवावें लागलें. पण त्यापूर्वीं साठांहून अधिक वर्षें तें वाजत राहिलें, याचें मर्म मला त्या पुलावर दिसतें. टाळ्या ऐकूं येत असतांना पुन्हा विद्यार्थी होण्याचें धैर्य ज्याला होतें, त्याचीच विद्या टिकली.