झाशीतील ब्रेकविद्या : वाघिणींच्या कारखान्यापासून हायब्रिड मोटारीपर्यंत

मराठी वाचकाला झाशी ठाऊक असते ती १७४२ मध्ये सुभेदारीवर आलेल्या नारोशंकरांपासून १८५७ च्या राणी लक्ष्मीबाईंपर्यंत. त्यानंतरची झाशी प्रामुख्याने रेल्वेवर वाढली, आणि रेल्वेच्या कारागिरीत गाडी पळवण्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व ती थांबवण्याला होते. इंडियन मिडलँड रेल्वेने १८८९ च्या सुमारास ग्वाल्हेर, भोपाळ, कानपूर आणि माणिकपूर या चारही दिशांना जाणारे मार्ग येथे एकत्र आणले. १८९५ मध्ये वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, दुरुस्तीचा मोठा कारखाना उभा राहिला आणि १९०० मध्ये हा सारा पसारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे, मराठीत रूढ झालेल्या नावाने जी.आय.पी.कडे, गेला. स्टेशन आणि जुने शहर यांच्या दरम्यान, इलाइट चित्रपटगृहावरून नाव पडलेला इलाइट चौराहा ही पुढे याच रेल्वे-शहराची मध्यवर्ती जागा झाली.

त्या काळच्या गाड्यांत निर्वात ब्रेक असत. गाडीभर फिरवलेल्या नळीतली हवा इंजिन ओढून घेई आणि नळीत हवा शिरली की प्रत्येक डब्याचे ब्रेक आपोआप लागत, त्यामुळे गाडी मध्येच तुटली तरी दोन्ही भाग जागच्या जागी थांबत. या रचनेतला बिघाड बहुधा गळतीचा असे. झिजलेला रबरी होज किंवा सिलिंडरमधले कडक झालेले रबर डोळ्यांनी दिसे आणि हाताने बदलता येई. १९८० नंतर मालगाड्यांत दाबाच्या हवेवर चालणारे ब्रेक रुळले, तरी कारागिराच्या ज्ञानाचे स्वरूप तेच राहिले, कारण दोष अजूनही डोळ्यांनी दिसत किंवा कानाने ऐकू येत होता.

हायब्रिड मोटारीच्या ब्रेकमागची कल्पना मात्र वेगळ्या घराण्यातली आहे आणि तिचे भारतातील मूळ सह्याद्रीत सापडते. बोरघाटाचा चढ १:३७ इतका तीव्र आहे. तो आणि थळघाट १९२९-३० मध्ये विजेवर आले तेव्हा जी.आय.पी.ने आणलेल्या, कर्मचाऱ्यांत ‘खेकडा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या इंजिनांत पुनर्जनन ब्रेकची सोय होती. पुनर्जनन म्हणजे उतारावर मोटरलाच जनित्र करणे. चाके मोटर फिरवतात, त्या फिरण्याला होणाऱ्या विरोधाने गाडी आवरली जाते आणि तयार झालेली वीज तारेत परत जाऊन चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येते. झाशीशी या कल्पनेचा थेट संबंध आला तो २०१८ मध्ये. १९७४ पासून येथे असलेल्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने जुन्या धाटणीच्या, म्हणजे एकदिश मोटरवर चालणाऱ्या, ५,००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-७ इंजिनात पुनर्जनन ब्रेक बसवून दाखवला. हे काम जितके गाजायला हवे होते तितके गाजले नाही.

पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची विद्युत मोटर एकत्र असलेली हायब्रिड मोटार जपानमध्ये १९९७ साली टोयोटाच्या प्रियसने बाजारात रुळवली. भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली, पण किमतींमुळे दोन्ही मोजक्या श्रीमंतांपुरत्या राहिल्या. २०२२ मध्ये हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा या हायब्रिड मोटारी आल्यावर हे तंत्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागले, आणि जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे काही अंतर निव्वळ विजेवर धावू शकणाऱ्या, मोटारींचा नोंदणी कर माफ केल्यावर झाशीसारख्या शहरातही त्यांचा विचार होऊ लागला. टेम्पो, ई-रिक्षा आणि पादचारी यांच्या गर्दीत क्षणाक्षणाला वेग मोडावा लागतो अशा इलाइट चौराह्यासारख्या ठिकाणी तर ही मोटार सर्वाधिक लाभाची ठरते, कारण थांबण्यात वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठवते.

अडचण येथूनच सुरू होते. टोयोटाच्या पद्धतीच्या रचनेत चालकाचा पाय नेहमीच्या वेळी थेट ब्रेक दाबत नाही. पेडल किती दाबले हे संवेदक मोजतो, किती काम मोटरने करायचे आणि किती ब्रेक पॅडने, हे संगणक ठरवतो, आणि पायाला जाणवणारा विरोधही एका वेगळ्या यंत्रणेने निर्माण केलेला असतो. पॅडकडे जाणारा तेलाचा दाब अ‍ॅक्च्युएटर नावाचा जोडभाग पुरवतो. त्याचा पंप नायट्रोजन वायू कोंडलेल्या टाकीच्या आधारे दाब साठवून ठेवतो. चालकाने दार उघडताच, मोटार सुरू होण्याआधी, अनेक गाड्यांत ऐकू येणारी बारीक घरघर याच पंपाची असते. ती वरचेवर आणि लांबत ऐकू येऊ लागली तर दाब टिकत नाही, असा संशय घ्यावा.

या रचनेच्या मर्यादा जगाने पाहिल्या आहेत. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने प्रियससह सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड मोटारी जगभरातून परत बोलावून ब्रेकची संगणकीय आज्ञावली बदलली. कारण खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर उशिरा लागल्यासारखे वाटे. जून २०१३ मध्ये आणखी २ लाख ४२ हजार मोटारी परत गेल्या, त्या साठवण टाकीतला नायट्रोजन ब्रेकच्या तेलात झिरपू शकतो म्हणून. दुसरीकडे, पॅडला काम कमी पडत असल्याने ते एक लाख किलोमीटरहून अधिक टिकू शकतात, पण त्याच कारणाने पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना अडकतात, म्हणजे झीज थांबली तरी देखभाल संपत नाही.

जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे ब्रेक ‘पोकळ’ लागू लागले की मिस्त्री हवा काढत असे. एकजण पेडल मारी, दुसरा चाकाजवळचे निपल उघडून बुडबुडे थांबेपर्यंत तेल सोडी, आणि तेलाचे चार पैसे व अर्ध्या तासाची मजुरी एवढ्यात काम होई. हायब्रिडमध्ये हेच काम निदानयंत्र जोडून, संगणकाला आज्ञा देऊन, ठरलेल्या क्रमाने करावे लागते, आणि तसे न केल्यास दोषसंकेत उमटून यंत्रणा अडून बसू शकते. अ‍ॅक्च्युएटर बिघडला तर बहुधा अख्खा बदलतात. अमेरिकेत या बदलाला दोन-तीन हजार डॉलर लागणे नवलाचे नाही. हायब्रिड बॅटरीला भारतात ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी मिळते, परंतु अ‍ॅक्च्युएटर तिच्यात आपोआप येत नाही, हे ग्राहकाला बिल हाती पडेपर्यंत ठाऊक नसते.

महागाईचे कारण केवळ यंत्राची गुंतागुंत नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, सुटे भाग आणि निदानसाधने खुल्या बाजारात मिळाली पाहिजेत असे बजावले होते. तो आदेश अपिलांच्या फेऱ्यांत अडकला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू करून त्यात वाहनक्षेत्रही घेतले, तरी स्वतंत्र मिस्त्रीच्या हाती निदानयंत्र पोचवण्याचे खरे काम शिल्लकच आहे. ज्या शहरात वाघिणींचे ब्रेक सव्वाशे वर्षे दुरुस्त झाले आणि पुनर्जनन ब्रेकचे इंजिन घडले, तेथे ही विद्या अवघड म्हणून शिकवली जात नाही असे म्हणता येणार नाही. कर माफ करणाऱ्या शासनाने झाशीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हायब्रिड ब्रेकचा अभ्यासक्रम आणि त्यासाठी लागणारे निदानयंत्र द्यावे, आणि तोवर खरेदीदाराने सही करण्यापूर्वी वाढीव हमीत अ‍ॅक्च्युएटर आहे की नाही हे लेखी विचारून घ्यावे.